बसून ऐकणारी माणसं

वरातीत बँडमास्तर उलटा चालतो. तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. मागे कुठे गटाराचं झाकण उघडं आहे, कुठे भाजीवालीची टोपली आहे, हे त्यानं टाचेनंच ओळखायचं असतं. घाटकोपरच्या गुणाजी बँडचा क्लॅरनेटवाला कुंडलिक रणपिसे अठरा वर्षं असा उलटा चालला होता. दिवसा तो भांडुपच्या एका कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या यंत्राशी उभा असायचा. लग्नसराईत संध्याकाळी लाल कोट, सोनेरी झालर, पांढरी पँट. कोट कुणा दुसऱ्याच्या मापाचा होता, त्यामुळे हात वर केला की मनगटं उघडी पडत.

अठरा वर्षांत त्याचं वाजवणं हजारो लोकांनी ऐकलं असेल. पण समोर बसून, गप्प राहून, एकानंही नाही. लोक नाचत, भांडत, नवऱ्या मुलाच्या तोंडावरची फुलं सारत, आईस्क्रीम कुठे मिळतं ते विचारत. बँड बंद पडला तरच त्यांना बँड आठवे. याचं कुंडलिकला कधी वाईट वाटलं नव्हतं. पाणी पाइपातून येतं तसा सूर बँडमधून येतो, त्याला कोण ऐकत बसणार, असं त्याचं साधं म्हणणं होतं. ते म्हणणं मोडलं त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये, गोरेगावला.

तिथल्या एका स्टुडिओत सिनेमातल्या लग्नासाठी गुणाजीचा बँड बोलावला होता. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं. बँडनं नुसते गाल फुगवायचे, बोटं हलवायची, आवाज काढायचा नाही. सकाळपासून दुपारपर्यंत कुंडलिकनं चौदा वेळा वाजवण्याचं सोंग केलं. शेजारच्या सेटवर क्लबचा देखावा होता आणि तिथे काळे बो लावलेले गोवेकर वादक तेच सोंग करत होते. जेवणाची सुट्टी झाली. कुंडलिक डबा घेऊन रंगवलेल्या भिंतींच्या मागे सावलीत गेला, तर तिथे त्या गोवेकरांतला एक म्हातारा बादली पालथी घालून बसला होता आणि सॅक्सोफोन वाजवत होता. कुणासाठी नाही. दिवसभर तोंडात कोंडलेली हवा बाहेर काढावी तसा.

ओळखीच्या एका जुन्या नाचाच्या चालीनं त्यानं सुरुवात केली. मग ती चाल दारात ठेवून तो आत निघून गेला. आतल्या खोल्यांतून फिरला, कुठे खिडकी उघडली, कुठे नुसता उभा राहिला, आणि शेवटी परत दारात येऊन तीच चाल हातात घेतली. चाल तीच होती आणि ती आता वेगळी होती. कुंडलिकच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"कुठल्या पिच्चरमधलं, मास्तर?" त्यानं विचारलं.

"कुठल्याच नाय." म्हाताऱ्यानं थुंकी झटकली. "पिच्चरमधलं आत वाजतं, मॅन. हे भायेर."

"याला म्हणतात काय?"

"जॅझ." मग त्याच्या लाल कोटाकडे बघून तो म्हणाला, "तू बँडवाला? मग तुझंच आहे हे. तुला सांगितलं नाय कोणी."

तो कायतान मास्तर. अंधेरीला मरोळच्या गावठाणात एका कौलारू घराची मागची खोली भाड्यानं घेऊन राहायचा. तीस वर्षं त्यानं सिनेमांच्या गाण्यांत वाजवलं, पण एकाही रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. आता एका पेटीतून चाळीस वाद्यांचे आवाज काढणारं यंत्र आलं होतं, आणि मास्तरला आठवड्यातून एक दिवसही बोलावणं येत नव्हतं. सोंग करायला मात्र बोलावत. चेहरा चांगला होता.

पुढची दोन वर्षं दर रविवारी सकाळी कुंडलिक घाटकोपरहून अंधेरीची बस धरून मरोळला जाऊ लागला. मास्तरला कागदावरच्या पाच रेघांवरचं संगीत वाचता यायचं. कुंडलिकला येत नव्हतं. तो शंभरपानी वहीत सारेगम लिहून घ्यायचा. कोमल स्वराखाली रेघ, तीव्रावर उभी काडी, आणि जिथे मास्तर सूर वाकडा करून मोडतच नेई तिथे एक छोटासा साप. अशी बावीस पानं भरली. गोरेगावला ऐकलेलं ते मागून मागून त्यानं पुन्हा वाजवायला लावलं आणि उतरवून घेतलं. सहा महिने घाटकोपरला, त्याची वस्ती होती त्या डोंगराच्या वर, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून त्यानं ते घोकलं. एका रविवारी मास्तरच्या समोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवलं. एक श्वासही इकडचा तिकडे नाही.

मास्तरनं आपला सॅक्सोफोन पेटीत ठेवून दिला.

"चुकलं का?" कुंडलिकनं विचारलं.

"नाय. एकदम करेक्ट." मास्तरनं वही उचलून बघितली, ते साप बघून थोडा हसला. "पण हे मी त्या दिवशी बोललो ना, बाबा. त्या दिवशी माझी बायको, रोझी, हॉस्पिटलात होती. डॉक्टरनं संध्याकाळी ये म्हणून सांगितलेलं. मी त्याच्यावर बोललो. तू माझं पत्र वाचून दाखवतोस. अक्षर चांगलं आहे. पत्र कुणाचं?"

कुंडलिकला त्यातलं निम्मंच कळलं. बँडमध्ये गाणं म्हणजे गाणं. ते आहे तसं वाजवायचं, लोकांना ओळखू आलं पाहिजे. त्याच वर्षी एका वरातीत त्यानं धीर करून कडव्याच्या शेवटी दोन ओळी आपल्या मनानं लांबवल्या. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. नवऱ्याचा मामा अंगावर धावून आला. घोडा आडवा झाला. वरात संपल्यावर गुणाजीनं त्याला बाजूला घेतलं. गुणाजी बँडचा मालक, मूळचा कणकवलीकडचा, ड्रम तोच वाजवायचा.

"मेल्या, ह्या काय वाजवी होतंस? घोडो बिथरलो मरे!"

"जॅझ होतं, गुणाजीशेठ."

"जॅझ! घोड्याक खयसून कळतला जॅझ? माकाच कळाक नाय." मग जरा थांबून, कोणी ऐकत नाही ना बघून, तो म्हणाला, "शेवट बरो होतो पण. वरच्या सुरावरसून खाली इलंस तो."

त्या दिवसापासून कुंडलिकला एक ओढ लागली. कारखान्यात एकसारख्या बाटल्या हाताखालून जात आणि तो मनात खुर्च्या मांडत बसे. एक साधी खोली. समोर माणसं बसलेली. घोडा नाही, नवरा नाही, नाच नाही. मास्तर आणि तो. मास्तर काहीतरी बोलेल, तो ऐकेल, मग तो बोलेल. एवढंच. पण हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की शब्दांची वाफ होई. मालन, त्याची बायको, एकदा म्हणाली, "हाटेलात असतं ना ते, तिकीट काढून बघ की." तो एकदा गेलाही होता, दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलाच्या दारापर्यंत. आतून झांजेची कुजबुज ऐकू आली. दरवानानं त्याच्या चपलांकडे बघितलं. तो परत फिरला.

घरात त्याचा बाप होता, आबा. धोंडिराम रणपिसे. साताऱ्याच्या माण भागातून आलेला, आता काम सुटून दारातल्या बाकड्यावर बसणारा. कुंडलिकच्या आज्याची सनई गावात नावाजलेली होती. पण कुणाच्या लग्नात आज्याला मांडवात घेतलं नाही. मांडवाच्या बाहेर, उन्हात, उभ्यानं वाजवायचं. तासन् तास. बस असं कोणी म्हणालं नाही, आणि बसलेलं कोणाला चाललंही नसतं. धम्म घेतला त्या साली धोंडिरामनं बापाची सनई विहिरीत टाकली आणि मुंबईची वाट धरली. पोरगा मुंबईत येऊन लाल कोट घालून रस्त्यानं वाजवतो, हे त्यानं कधी माफ केलं नाही. कुंडलिक घरात क्लॅरनेट काढत नसे. टाकीपाशी जाई.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर मास्तरचे दात हलू लागले. सॅक्सोफोनवाल्याचे दात गेले की सगळं गेलं. त्यातच घरमालकांना मागची खोली हवी होती. "मे महिन्यात गावाला जातो," मास्तर म्हणाला, "गोव्यात, सासष्टीत भाचा आहे, त्याच्याकडे." कुंडलिकच्या हाताशी सहा-सात महिने होते.

घाटकोपरला उपनगर कलामंडळ नावाची समिती होती. शाळेचं सभागृह, दीडशे खुर्च्या आणि माइक ती स्थानिक कलाकारांना फुकट देई. भजनाला देई, एकांकिकेला देई, पोवाड्याला देई. चिटणीस जयवंतराव, निवृत्त शिक्षक, घरी पेटी वाजवणारे, कागदाला काटेकोर. जानेवारीत कुंडलिकनं अर्ज भरला. त्यात एक रकाना होता: कार्यक्रमाचा प्रकार. दुसरा: सादर होणाऱ्या सर्व रचनांची संहिता जोडावी.

"जॅझ?" जयवंतरावांनी चष्मा वर केला. "रणपिसे, ते हॉटेलातलं. श्रीमंतांची करमणूक. त्याला मंडळानं का मदत करायची?"

कुंडलिकला एरवी चार वाक्यं धड जुळवता येत नसत. त्या दिवशी कुठून आलं कोण जाणे.

"हॉटेलात गेलं सर, कारण दुसरीकडे कुणी बसू दिलं नाही. भजनाला देऊळ आहे. तमाशाला तंबू आहे. याला भिंतच नाही. मास्तर सांगतात, अमेरिकेतल्या एका बंदरगावात हे सुरू झालं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना बाजारात विकलं, त्यांनी सुरू केलं. त्यांच्या हातात काय आलं, तर लष्करी बँडची वाद्यं. आमच्याच हातातली, सर. ते पण आमच्यासारखे चालत वाजवायचे, लग्नाला, मयताला. मग कुणीतरी त्यांना चार भिंती दिल्या. त्याशिवाय ते पुढे गेलं नसतं."

"बरं, पण इथल्या लोकांना त्याचं काय?"

"कारखान्यात माझ्यासमोरून दिवसाला हजारो बाटल्या जातात. एकसारख्या. एक वाकडी गेली तर साहेब ओरडतो. माणसाला दिवसात कुठेतरी, चालीला धरून का होईना, आपल्या मनातलं बोलता आलं पाहिजे. आणि दुसरा बोलत असताना गप्प बसून ऐकता आलं पाहिजे. यात दोन्ही आहे. तिकीट लावलं तर आमच्या डोंगरावरचं कुणी येणार नाही. म्हणून तुमच्याकडे आलो."

जयवंतराव थोडा वेळ पेनाचं टोपण काढ-घाल करत राहिले. "संहिता मात्र लागेल," ते म्हणाले. "आधी बघितल्याशिवाय मंडळ काही मंजूर करत नाही."

इथे कुंडलिकनं चूक केली. ही संहिता आधी नसतेच, ती त्या संध्याकाळी तयार होते, हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. हातचं जाईल असं वाटलं. त्यानं वहीतली ती बावीस पानं मालनकडून शाईनं स्वच्छ लिहून घेतली, सापांसकट, आणि अर्जाला जोडली. प्रकाराच्या रकान्यात जयवंतरावांनीच 'लोककला' लिहिलं. दुसरं काही बसत नव्हतं.

घरी आबांनी तो कागद वाचायला मागितला. त्यांना अक्षर लावून वाचता येई.

"लोककला," ते म्हणाले. "कंच्या लोकांची?"

"आपल्यासारख्याच, आबा. ज्यांना उन्हात उभं करायचे त्यांची."

"मग त्यांनी बी हिरीत टाकायची व्हती वाजंत्री."

"नाही टाकली. आपल्या नावानं वाजवली."

आबांनी कागद घडी करून परत दिला.

मंजुरी यायला वेळ लागला. मार्चची बैठक रद्द झाली. एप्रिलमध्ये सभासद पुरे नव्हते. मे महिन्याच्या अकरा तारखेला कुंडलिक मास्तरला एस.टी.च्या गाडीत बसवायला गेला. सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन म्हातारा खिडकीशी बसला होता.

"कागद आला की लिही," तो म्हणाला.

"तुम्ही याल?"

"दातांशिवाय कसा येणार रे? निम्मे तर इथेच ठेवून चाललो." आणि तो हसला, तोंडावर हात धरून.

कागद सप्टेंबरात आला. नोव्हेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळी सहा ते सात, लोककला, क्लॅरनेट: श्री. कुंडलिक रणपिसे. कुंडलिकनं मास्तरला पत्र टाकलं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं, भाच्याच्या हातचं. 'सगळे दात काढले. आता मी फक्त ऐकणारा. रविवारी सहाला अंगणात खुर्ची टाकून बसतो. माझं वाजवू नको.'

एकट्यानं कसं वाजवणार? ड्रम हवा, आणि तोही मास्तर सांगायचा तसा, झाडल्यासारखा हळू. गुणाजी म्हणाला, "हळू वाजवूक मी काय झाडू मारतंय?" पण रविवारी तो आला, आणि हातात खरंच हिराची झाडू होती. तिच्या काड्यांच्या त्यानं दोन जुड्या बांधून आणल्या होत्या. "तुझो मास्तर म्हणत होतो ना, ड्रम झाडूचो, मारूचो नाय. बघूया."

दीडशे खुर्च्यांत एकेचाळीस माणसं आली. डोंगरावरची, बँडमधली, कारखान्यातली चार, आणि रस्त्यानं जाता जाता पंख्याखाली बसायला आलेली काही. पहिल्या रांगेत जयवंतराव, मांडीवर ती बावीस पानं, हातात पेन्सिल. आबा आले होते, पण आत आले नाहीत. मागच्या दारात उभे राहिले.

कुंडलिक माइकसमोर उभा राहिला. एकेचाळीस तोंडं त्याच्याकडे. कोणी नाचत नव्हतं. त्यानं वाद्य ओठाला लावलं आणि त्याचा श्वासच बसेना. एकवीस वर्षं पायांनी ताल धरला होता. पाय स्थिर राहिले की छाती बंद पडते, हे त्याला आज कळत होतं. जुनी नाचाची चाल त्यानं कशीबशी मांडली. पहिलं पान. जयवंतरावांची पेन्सिल सुरांखालून सरकत होती, बरोबर, बरोबर. दुसरं पान. सगळं मास्तरचं होतं. सगळं एका दुसऱ्या माणसाच्या बायकोच्या हॉस्पिटलचं होतं.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर तो थांबला. गुणाजीच्या काड्या कातड्यावर फिरत राहिल्या, सारवल्यासारख्या. सभागृहात पंख्याचा आवाज होता. मग कुंडलिक माइक सोडून पायऱ्या उतरला आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालू लागला. सरळ. तोंड पुढे, पाऊल पुढे. चालता चालता श्वास आला. आधी एक सूर आला, लांब, तो मोडत गेला. मग मांडवाबाहेरचं ऊन आलं. न पाहिलेली विहीर आली, तिच्यात पडताना सनईनं काय आवाज केला असेल तो आला. चाल त्यानं सोडली नव्हती. गुणाजीच्या काड्यांवर ती त्याच्या पाठीमागून येत होती. लोक मान वळवून बघत होते, पण कोणी उठलं नाही. कुणा बाईच्या मांडीवरचं मूल किरकिरलं, तिनं त्याला थोपटलं आणि ऐकत राहिली.

वाट मागच्या दाराशी संपत होती. तिथे शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर आबा बसले होते. कधी बसले कुणास ठाऊक. पाय वाटेत लांबवलेले. कुंडलिक जवळ आला तसे त्यांनी पाय आखडून घेतले, त्याला वळायला जागा केली, आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

सात वाजायला आठ मिनिटं असताना ते संपलं. टाळ्या जरा उशिरानं वाजल्या. संपलं की थांबलं, ते लोकांना कळायला वेळ लागला.

जयवंतराव पानं सारखी करत आले. "रणपिसे, लिहिलंय ते तुम्ही वाजवलं नाहीत."

"नाही, सर."

"तिसऱ्या पानानंतर मला तुम्ही कुठेच सापडला नाहीत." त्यांनी चष्मा पुसला.

घरी जाताना डोंगराच्या चढावर आबा दोनदा दम खायला थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "तुझा आज्या बी शेवटाला असाच खाली यायचा." मग पुन्हा चढू लागले.

मंडळाच्या वार्षिक अहवालात त्या संध्याकाळबद्दल जयवंतरावांच्या अक्षरात तीन वाक्यं आहेत. 'कार्यक्रम मंजूर संहितेप्रमाणे झाला नाही. श्रोते एकेचाळीस. मध्येच कोणीही उठून गेले नाही.' पुढच्या वर्षीच्या यादीत लोककलेच्या रकान्यात दोन भारुडं आणि एक शाहिरी होती. जॅझ नव्हतं. कुंडलिकनं विचारलं तेव्हा जयवंतराव म्हणाले, सभासदांचं म्हणणं पडलं की काय वाजणार हे आधी कळतच नाही, ते मंजूर कसं करायचं. ते स्वतः बाजूनं बोलले होते, पण एकटेच.

लग्नसराई आली. लाल कोट आला. कुंडलिक पुन्हा उलटा चालू लागला. घोडा, फुलं, मामा. कधीमधी, वरात सिग्नलला अडली आणि नाचणारे दमून उभे राहिले, की तो कडव्याच्या शेवटी दोन ओळी लांबवतो. गुणाजी ड्रमवर काड्या फिरवतो. कुणी बघत नाही. मग दिवा हिरवा होतो.

दर जानेवारीत तो मंडळात जाऊन नवा अर्ज आणतो आणि टाकीपाशी कठड्यावर बसून भरतो. आबा शेजारी असतात, हल्ली तेही वर येतात. ठिकाण: शाळेचं सभागृह. प्रवेश: सर्वांना, फुकट. खुर्च्या: जेवढ्या असतील तेवढ्या. संहितेच्या रकान्यापाशी तो जरा थांबतो. पहिल्या वर्षीसारखी चूक त्याला पुन्हा करायची नसते. मग तो लिहितो, 'त्या दिवशी कळेल,' आणि खाली सही करतो.